जायफळाचा जास्तीचा वेढा

मित्रांनो, मी सहाण आहे. जुनी आहे हे वेगळं सांगायला नको, माझ्या मधोमध पडलेला खळगाच ते सांगेल. तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं असेल तर देवघरात, गंध उगाळताना पाहिलं असेल. माझ्या वाट्याला देवघर कधी आलं नाही. आमचं घर कपाळाला भस्म लावणाऱ्यांचं आणि गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं. तिथे चंदनाचं काम फारसं पडत नाही. मी स्वयंपाकघरातली. माझ्यावर बाळांची गुटी उगाळली गेली. वेखंड, हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग, हिरडा, खारीक, बदाम आणि जायफळ. यातलं शेवटचं नाव ध्यानात ठेवा. माझी गोष्ट त्या एवढ्याशा फळाभोवती फिरते, आणि ती हसतखेळत ऐकावी अशी नाही.

माझा जन्म देगलूरच्या पलीकडचा. तिकडे आपला काळा दगड संपतो आणि तांबूस, दाणेदार दगड सुरू होतो. व्यंकटी नावाच्या पाथरवटाने मला छिन्नीने गोल केलं, त्याच्या बायकोने वाळू आणि पाणी टाकून घासघास घासलं. उगाळलेलं खाली ओतता यावं म्हणून व्यंकटीने मला एका बाजूला चोच काढली. दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात, पण माझ्यासाठी त्याने तेवढी सोय करून ठेवली होती.

देगलूरच्या बाजारात मला पार्वतम्माने उचललं. ती जळकोटच्या एका दुकानदाराची बायको, माहेर सीमेवरचं, त्यामुळे बोलण्यात निम्मं कानडी. तेव्हा तिला दिवस गेलेले होते. तिने अंगठा ओला करून माझ्यावरून फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं आणि व्यंकटीला विचारलं, “ह्यो दगड माती सोडतो का रे?”

“न्हाई अव्वा,” व्यंकटी म्हणाला. “ह्याच्यावर उगाळलेलं पोटात जाईल, दगड न्हाई जाणार. घरात लेकराचं लेकरू खेळलं तरी ही झिजायची न्हाई.”

विकणारा माणूस तो, थोडं वाढवून बोलणारच. मी झिजले. पण लेकराचं लेकरू मात्र खरंच खेळलं, त्याच्याही पुढे गेलं.

जळकोटच्या घरी थोड्याच महिन्यांत पार्वतम्माला मुलगा झाला. त्याचं नाव ईश्वरप्पा. म्हणजे तो आणि मी त्या घरात बरोबरच आलो. पार्वतम्मा त्याची गुटी उगाळायची तेव्हा आधी माझ्याकडे यायचीच नाही. आधी बाळाकडे जायची. त्याची जीभ बघायची, पोटावर टिचकी मारून आवाज ऐकायची, दुपट्याला काय लागलंय ते पाहायची, आणि मग ठरवायची आज काय उगाळायचं. मुळी माझ्यावर एकदा गोल फिरवली की त्याला वेढा म्हणतात. खारीक-बदामाचे वेढे ती हात सैल सोडून द्यायची. जायफळाला मात्र हात आखडायची. बाळाचं पोट बिघडलं असेल तरच जायफळ, आणि तेही अर्धा वेढा. “ह्यानं लेकरू निजतंय,” ती पुढे सुनेलाही सांगायची, “पर निजणं येगळं आन् निजवणं येगळं.”

तिचे आणखी दोन नेम होते. पहिला, गुटीला हात एकच. घरात किती बायका असोत, उगाळणारी एकच. दुसरा नेम तुमच्याही घरी असेल. बाळ छान खातंय, छान झोपतंय, असं तोंडाने बोलायचं नाही, नजर लागते. पहिला नेम पुढे घर विसरलं. दुसरा मात्र घट्ट धरून ठेवला. आमच्या घरावर जे संकट आलं ते याच उलटापालटीतून आलं.

मी ईश्वरप्पाला रांगताना पाहिलं, शाळेला दांडी मारून फळीमागे लपताना पाहिलं, मिसरूड फुटल्यावर आरशासमोर उभं राहताना पाहिलं. तो धान्याच्या दुकानात बसू लागला, त्याचं लग्न झालं, नीलाबाई घरात आली आणि सासूकडून माझ्यावर हात फिरवायला शिकली. त्यांच्या शिवकुमारची गुटी माझ्यावरच झाली. पुढे पार्वतम्मा अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या कपाळासाठी सुंठही माझ्यावरच उगाळली. ती गेल्यावर मला पुष्कळ दिवस कुणी हात लावला नाही. मला तिची आठवण येते. तिच्यासारखा हात मला पुन्हा मिळाला नाही, हे मी नीलाबाईच्या तोंडावरही सांगितलं असतं.

शिवकुमार मोठा झाला, बी-बियाणांचं दुकान काढून लातूरला आला. बरोबर आई-वडील, बायको महानंदा आणि लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली मी. मंजुश्री आणि अक्षरा या त्याच्या दोन मुली. दोघींची गुटी झाली आणि माझं काम संपलं. गरज सरो नि वैद्य मरो. मला लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलं. मी कित्येक वर्षं कैरीचा वास घेत बसले. वाईट वाटायचं, पण त्या काळात घर हसतं होतं, हे खरं. पोरी भांडायच्या, टीव्ही चालायचा, ईश्वरप्पा जेवताना मोठ्याने गोष्टी सांगायचा आणि महानंदा सासऱ्याला “मामा, घास गिळा आधी” म्हणून दटावायची.

मग अक्षराच्या परीक्षेचं वर्ष आलं.

लातूरला राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात एक पोरगं डॉक्टर व्हायला बसलेलं असतं. अक्षराने मेडिकलची प्रवेश परीक्षा एकदा दिली, थोडक्यात हुकली आणि पुन्हा बसायचं ठरलं. पोर हुशार आहे, कष्टाळू आहे. पण हुकल्या दिवसापासून घराने श्वास आखडून घेतला. टीव्हीवर चादर पडली. दारावरच्या घंटीची तार काढली. महानंदा कुकरची शिटी होऊ देईना, भात पातेल्यात शिजू लागला. शेजारचं लग्न निघालं तर शिवकुमार जाऊन हात जोडून आला, “बँड जरा चौकातच थांबवा, आमची पोरगी अभ्यास करायलीय.”

पण घरात दोन जीव असे होते की ज्यांना हात जोडून भागत नव्हतं.

एक ईश्वरप्पा. त्याचं वय झालं होतं आणि त्याच्या डोक्यातली वर्षं एकमेकांत मिसळली होती. तो काठी घेऊन घरभर फिरायचा, दाराशी उभा राहून जळकोटच्या गिऱ्हाइकांना हाका मारायचा, मेलेल्या मित्रांशी तावातावाने भांडायचा. कधी पार्वतम्माला हाक मारायचा आणि ती येत नाही म्हणून रडायचा. डॉक्टरांनी त्याला रात्री शांत झोप लागावी म्हणून एक गोळी दिली होती. रात्रीची गोळी एकदा दुपारी दिली गेली. त्या दुपारी अक्षराचा अभ्यास छान झाला. मग ती रोज दुपारी दिली जाऊ लागली, रात्रीची होतीच. ईश्वरप्पा गोळी थुंकून टाकायचा, म्हणून महानंदाने बरणीवरून मला उतरवलं, गोळी माझ्यावर चुरली आणि केळ्यात कालवून त्याला भरवली. इतक्या वर्षांनी माझ्यावर हात फिरला तो असा.

“मामाचं आता बरं हाय,” महानंदा फोनवर बहिणीला सांगत होती. “लई शांत झालेत.”

शांत म्हणजे काय, ते मी पाहत होते. घास हातात धरून तो पेंगायचा. काठी खुंटीलाच राहिली. एकेका दिवशी एकेक नाव त्याच्या तोंडातून कमी झालं. तरी नातवंडांपैकी अक्षरावर त्याचा फार जीव, तिला पाहिलं की ओठ हलायचे. पण ती तर बंद दाराच्या आत होती.

दुसरा जीव मंजुश्रीची मुलगी, सृष्टी. मंजुश्री उदगीरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आली. बाळ आलं, गळ्यात इवलंसं लिंग बांधलं गेलं, आणि मी पुन्हा गुटीला बसले. मला केवढा आनंद झाला! पोरगी खणखणीत आवाजाची होती, पोट भरलं तरी रडायची, रिकामं असलं तरी रडायची. दुसऱ्या कुठल्या वर्षी सगळ्यांनी कौतुक केलं असतं. त्या वर्षी तिने आवाज काढला की सगळ्यांचे डोळे आधी अक्षराच्या दाराकडे जायचे. मंजुश्री बिचारी बाळाला छातीशी धरून गच्चीवर पळायची, उन्हात उभी राहायची. स्वतःच्या माहेरात ती चोरासारखी वागू लागली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. नीलाबाईने ते ऐकलं आणि सोडून दिलं. “डॉक्टर कालचे,” ती म्हणाली, “सहाण सासूबाईची हाय.” माझा मान राखला गेला, पण त्या मानाने मला बरं वाटलं नाही. कारण ती बाळाची जीभ बघत नव्हती. पोटावर टिचकी मारत नव्हती. ती अक्षराचं दार बघून जायफळ उचलत होती.

पुढचं ऐका. आंघोळीनंतर नीलाबाई गुटी द्यायची, त्यात जायफळाचा एक वेढा. नीलाबाई देवपूजेला बसली की महानंदा हळूच यायची आणि आणखी एक वेढा उगाळून चांदीच्या बोंडल्याने बाळाच्या तोंडात सोडायची. सासूला सांगायची नाही, कारण गुटीला हात एकच हा जुना नेम तिने मोडला होता. आणि मंजुश्री, पोरीची सख्खी आई, रडण्याने बेजार झाली की तीही यायची. तिला वाटायचं, आपल्या बाळामुळे बहिणीचं वर्ष वाया जाईल आणि आयुष्यभर आपल्याला ऐकून घ्यावं लागेल. तीन बायका, एक जायफळ, आणि तिघींपैकी एकीलाही दुसरीचं माहीत नाही.

कळलं असतं, मित्रांनो. साधं कळलं असतं. “आज बाळ फारच झोपलं गं,” एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं, तर दुसरीने विचारलं असतं आणि तिसरी दचकली असती. पण ते वाक्य आमच्या घरात बोलायचंच नव्हतं. बाळाची झोप तोंडाने मोजली की नजर लागते! नीलाबाई बाळाच्या कपाळाला काजळाची तीट लावायची, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची, आणि तोंडाला कुलूप. मी दगड, मला तोंडच नाही. ज्यांना होतं त्यांनी ते मिटून घेतलं होतं.

बाळाचं रडणं कमी झालं. मग त्याचं हसणंही कमी झालं. खुळखुळा वाजवला की मान वळवणारी पोर नुसतीच समोर बघू लागली. घराला ते बरं वाटलं. मला मात्र माझ्यावर पाणी पडलं की पार्वतम्माचा अर्धा वेढा आठवायचा.

त्या दिवशी दुपारी अक्षराची सराव परीक्षा होती, घरीच, कॉम्प्युटरवर. सकाळी नीलाबाईने गुटी दिली आणि गुडघे दुखतात म्हणून आत जाऊन पडली. महानंदाला दुकानात जेवणाचा डबा पोचवायचा होता. जाताजाता तिनेही वेढा दिला, आज पेपर म्हणून जरा जोराने. मग मंजुश्रीने दिला आणि तिचा स्वतःचाच डोळा लागला. तीही किती दिवस नीट झोपली नव्हती. बाळ झोळीत कुरकुरत होतं. तेवढ्यात ईश्वरप्पा जागा झाला आणि दाराच्या चौकटीला धरून आईला हाका मारू लागला. “अव्वा! अव्वा, कुठं गेलीस?”

अक्षराचं दार उघडलं. तिचे डोळे लाल होते, केस विंचरलेले नव्हते. हातात कॉफीचा पेला. माणसाला जागं ठेवायलाही या घरात एक औषध होतं. लहानग्याला निजवायचं, म्हाताऱ्याला निजवायचं आणि तरण्या पोरीला झोपू द्यायचं नाही, असा सगळा उफराटा कारभार चालला होता.

“अज्जा, पाया पडते तुमच्या, गप बसा,” ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. “माझा पेपर हाय हो.”

ईश्वरप्पाने तिच्याकडे पाहिलं. “तू कुणाची गं?” त्याने विचारलं.

तिने ओठ चावला. स्वयंपाकघरात आली, पाकिटातली गोळी काढली, माझ्यावर चुरली, केळ्यात कालवली आणि आजोबाला भरवून पलंगावर निजवलं. तिकडे झोळीतली कुरकुर वाढली. ती परत आली. घाईत होती, मला धुतलं नाही. माझ्या खळग्यात पांढरी भुकटी तशीच होती. त्यावरच तिने पाणी टाकलं आणि जायफळ फिरवलं. फिरवलं, फिरवलं, फिरवलं. पार्वतम्माचा हात अर्ध्या वेढ्यावर थांबायचा. हा हात थांबेना. मला ओरडायचं होतं. व्यंकटीने मला चोच दिली, आवाज दिला नाही. तिने ते बोंडल्यात ओतलं आणि बाळाच्या तोंडाला लावलं.

मग घर गप्प झालं. जसं सगळ्यांना हवं होतं तसं गप्प. टाकीतून गळणारा पाण्याचा थेंब ऐकू येत होता. अक्षराने पेपर दिला आणि तो उत्तम गेला. महानंदा डबा पोचवून आली, चप्पल हातात घेऊन आत शिरली, झोळीत डोकावली. तिने दोन्ही हात बाळावरून ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि काही न बोलता भांडी आवरायला घेतली.

मंजुश्रीला जाग आली ती छाती दुखू लागल्यामुळे. दूध दाटून आलं होतं. म्हणजे बाळ कितीतरी वेळ प्यायलंच नव्हतं. तिने त्याला झोळीतून उचललं तर मान एका बाजूला कलली. छातीशी धरलं, ओठ हलले नाहीत. “सृष्टी! सृष्टी, माय, डोळे उघड गं!” तिची ती किंकाळी मी विसरू शकत नाही. दार धाडकन उघडलं. शिवकुमार दुकानातून गाडी घेऊन आला. मंजुश्री आणि महानंदा बाळाला घेऊन गेल्या. थोड्या वेळाने फोन आला, डॉक्टर म्हणतात बाळाला घरी जे जे दिलं ते सगळं घेऊन या.

नीलाबाईने गुटीची डबी पिशवीत टाकली आणि मलाही टाकलं. “अज्जाचं काय?” अक्षराने विचारलं. “ते झोपलेत,” नीलाबाई म्हणाली, “बाहेरून कडी लाव.” कडी लागली. अक्षराच्या स्कूटीवर मी दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण आवाज करारी. टेबलावर मला ठेवलं. पलीकडे काचेच्या दारामागे बाळ होतं, नाकाला नळी. “काय दिलं आणि कितीदा दिलं?” त्यांनी विचारलं. “इथे लाजायचं नाही.”

“म्या एकच येढा दिला,” नीलाबाई म्हणाली. “रोजच्यासारखा.”

महानंदाची सासूसमोर मान खाली गेली. “आत्या… मी बी दिला. मला वाटलं, तुम्ही दिला नसेल.”

मंजुश्री भिंतीला टेकून खाली बसली. “मी पण दिला, मम्मी,” ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. “एवढंच? जायफळाने गुंगी येते, जास्त झालं तर बाळाला धोकाही होतो. पण हिचा श्वास फारच मंद चाललाय. आणखी काही गेलं असेल तर आत्ता सांगा. तुम्ही सांगितलंत तरच मला नेमकं काही करता येईल.”

कुणालाच काही माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त अक्षराला आणि मला. ती दारापाशी उभी होती. तिची नजर माझ्या खळग्यावर होती, तिथे पांढरी कड अजून वाळलेली होती. जिने डॉक्टर व्हायचं म्हणून सगळं घर मुकं झालं होतं, तिच्याच हातून हे झालं होतं. ते बोललं की आई-बापासमोर, बहिणीसमोर तिचं काय उरणार होतं? मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं पोरी. या घरात तू तरी बोल.

“मी पण दिला,” अक्षरा म्हणाली. ती टेबलापाशी आली, तिने माझ्या खळग्यावर बोट ठेवलं. “आणि अज्जाची झोपेची गोळी चुरली होती त्याच दगडावर. मी धुतला न्हाई. ते पोटात गेलंय तिच्या.”

डॉक्टरबाईंनी फक्त गोळीचं नाव विचारलं आणि त्या धावत आत गेल्या. काचेमागे धावपळ सुरू झाली. बाहेर नीलाबाई माझ्याशेजारी बसून “शिवा, शिवा” म्हणत होती. शिवकुमारने अक्षराला मारलं नाही की जवळही घेतलं नाही.

बाळ वाचलं, मित्रांनो. एकदम नाही, बऱ्याच वेळाने आतून मांजरीच्या पिलासारखा बारीक आवाज आला, मग मोठा झाला, मग चांगला टाहो झाला. ज्या रडण्याला सगळे कान बंद करत होते, त्या रडण्यासाठी सगळे दाराला कान लावून उभे होते. मंजुश्री बहिणीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी विचारलं, “ती गोळी आजोबांना दिवसाही देता? कुणी सांगितलं?” महानंदाने बाळाचं दुपटं सारखं केलं. “त्यांनाही घेऊन या. लवकर.”

“हाव मॅडम,” शिवकुमार म्हणाला. “पोरीची परीक्षा झाली की आणतोच.”

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला धडा सांगून गप्प बसले असते. पण पालथ्या घड्यावर पाणी पडलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मला उकळत्या पाण्याने धुऊन उंच फळीवर ठेवलं. गुटी बंद झाली. सृष्टी आता मनसोक्त रडते, कुणी तिला गच्चीवर पळवत नाही. नीलाबाईही मोकळेपणाने म्हणते, “आज लई झोपली गं, उठवून पाज.” बाळाच्या बाबतीत घर शहाणं झालं. आणि दुपारी, महानंदा दोन चमच्यांमध्ये धरून गोळी चुरते. सहाण वाईट ठरली, चमचा चांगला ठरला. त्या चमच्यांचा करकर आवाज मी रोज फळीवरून ऐकत आले.

आज सकाळी बाळाने अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा माणूस वर पाहील. पाजायला मंजुश्री धावली, शिवकुमार गालावर साबण तसाच घेऊन आला, अक्षराही दार उघडून आली आणि हसली. ती आतल्या खोलीच्या दाराशी थांबली. तिथे ईश्वरप्पा पलंगावर पडून होता. इतक्या आवाजाने त्याची पापणी हलली नव्हती. उशाशी कालची भाकर-दुधाची वाटी भरलेलीच होती, वर साय धरलेली. अक्षराने त्याच्या गालाला हात लावला. “अज्जा,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “अज्जा, मी अक्षरा. डोळे उघडा की.”

महानंदा मागे येऊन उभी राहिली. “झोपू दे गं त्यांना. पेपर तोंडावर आलाय तुझा. झाला की नेऊ दवाखान्यात.”

“मम्मी, ते झोपले न्हाईत,” अक्षरा म्हणाली. “आपण त्यांना कवाच सोडून दिलंय. बाळासाठी गाडी लगेच निघाली होती, न्हाई का? पप्पा, गाडी काढा. आत्ता.”

कुणी वाद घातला नाही. शिवकुमारने साबण पुसला आणि वडिलांना उचललं. कधीकाळी पोत्यांची थप्पी एकट्याने लावणारा माणूस, त्याला मुलाने दोन हातांवर अलगद तोलून नेलं. त्याचे पाय लोंबत होते. अक्षराने पुस्तक ओट्यावर टाकलं आणि अनवाणीच मागे धावली. गाडी गेली.

मित्रांनो, मी दगड आहे. माझ्यावर जे फिरवाल ते मी बारीक करून देईन, बाळाचं औषध असो की विष. निवड तुमच्या हाताची. बाळाने रडावं, तरण्यांनी पोटभर झोपावं, म्हाताऱ्यांनी तेच तेच पुन्हा सांगावं, हा ज्याच्या त्याच्या वयाचा हक्क आहे. तुमच्या घरात कुणी फार शांत झालं असेल तर बरं झालं म्हणू नका. जवळ जा, नावाने हाक मारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.

आता ऊन वर आलं आहे. मंजुश्री बाळाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली आहे. फोन समोर ठेवला आहे, तो अजून वाजला नाही.